गोरड सरांचा हिरवा चंबू

मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी रसायनशास्त्राचे प्राध्यापक मारुती गोरड यांनी आपला नऊ वर्षांपूर्वीचा शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र संबंधित नियतकालिकाला पाठवलं. पत्र चार ओळींचं होतं. निबंधात दिलेल्या कृतीने गेल्या आठ वर्षांत आपल्याला एकदाही तोच परिणाम मिळालेला नाही आणि त्याचं कारण आपल्याला सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. चूक कोणी दाखवून दिली नव्हती. तक्रार नव्हती, चौकशी नव्हती.

त्या निबंधाची बातमी मी केली होती. मी कडेगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात सरांचा विद्यार्थी होतो आणि नंतर सातारच्या एका दैनिकात कामाला लागलो. ‘कडेगावच्या प्राध्यापकाचा शोध, केसाच्या लाखपट बारीक तंतू’ असं शीर्षक मी दिलं होतं. चौथ्या दिवशी सरांकडून कात्रण टपालाने परत आलं. ‘शोध’ हा शब्द लाल शाईने खोडून वर ‘निरीक्षण’ लिहिलं होतं. ‘लाखपट’ खोडून ‘सुमारे हजारपट’. खाली दोन शब्द होते: बाकी ठीक.

सर जत भागातल्या मेंढपाळ कुटुंबातले. घरात शिकलेले पहिले. उंच, किंचित वाकलेले, उभे राहताना नेहमी कशाला तरी टेकून उभे राहायचे. वर्गात फळ्याच्या चौकटीला, प्रयोगशाळेत खिडकीच्या गजाला. हातात काठी नसली तरी ती असल्यासारखे. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं कायम हिरवी असत. एसटीत कंडक्टरने विचारलं की ते सांगायचे, रंगकाम करतो.

तो हिरवा रंग पॉलिॲनिलीनचा होता. वीज वाहून नेणारं प्लास्टिक, असं सर पहिल्या तासाला सांगत. ॲनिलीन नावाचा तेलकट द्रव आम्लात मिसळायचा, त्यात दुसरं एक द्रावण ओतायचं, आणि थांबायचं. आधी काही होत नाही. मग निळसर झाक येते, मग सगळं हिरवं होतं. दुसऱ्या दिवशी तळाशी हिरवी भुकटी असते. ती सगळ्यांनाच मिळते. प्रश्न भुकटीच्या आकाराचा होता. डोळ्याला ती भुकटीच दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कधी ज्वारीच्या राशीसारखे दाणे दिसतात, कधी पिंजलेल्या लोकरीसारखे तंतू. पदार्थ तोच. पण दाण्यांच्या राशीत हवा आत शिरत नाही, तंतूंमध्ये शिरते. अमोनियाचा वास लागला की हा हिरवा पदार्थ निळा पडतो आणि त्यातून जाणारी वीज कमी होते. दाण्यांना त्यासाठी वेळ लागतो. तंतूंना लागत नाही.

सरांना हे हवं होतं सांगलीच्या शीतगृहांसाठी. बेदाणा ठेवण्याच्या त्या शीतगृहांत गारवा अमोनियाने तयार करतात. गळती झाली तर आतल्या माणसाला ती कळेपर्यंत उशीर झालेला असतो. हमालाच्या खिशाला लावता येईल अशी पट्टी, हिरवी असेल तर आत जा, निळी झाली तर बाहेर या, एवढंच त्यांना करायचं होतं. त्यासाठी तंतू हवे होते, आणि दर वेळी तेच तंतू हवे होते.

पहिली दोन वर्षं दाणे आले. नवीन काचसामान आल्यावर सरांनी त्यातला एक चंबू या कामासाठी बाजूला काढला. त्या चंबूतल्या पाचव्या प्रयोगाला तंतू आले. कोल्हापूरहून सूक्ष्मदर्शकाचं छायाचित्र आलं तेव्हा सरांनी ते उलटं धरलं होतं, असं त्यांनीच सांगितलं. नंतर तंतू येतच राहिले. सलग दोन वर्षं, एकदाही न चुकता. जी कृती दुसरीकडे केली की दाणे पडत, त्याच कृतीत इथे तंतू पडत होते. निबंध त्याबद्दल होता.

ते छायाचित्र सर आईला दाखवायला गावी घेऊन गेले. आईने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “कुणाच्या मेंढरांची रं ही लोकर?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “लय बारीक हाय. ह्याचं घोंगडं न्हाई व्हायचं.” हे सर दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचे आणि म्हणायचे, माझ्या कामावरचा हा पहिला अभिप्राय.

तंतू का येतात, याचं सरांकडे उत्तर होतं. स्थिरता. दोन्ही द्रावणं एका झटक्यात मिसळायची आणि मग हात लावायचा नाही, ढवळायचं नाही, भांडं हलू द्यायचं नाही. “पहिल्या पाच मिनिटांत जे व्हायचं ते होतं,” ते म्हणायचे. “नंतर ते फक्त वाढतं.” लहानपणी कळप शेतात बसवताना त्यांना वडिलांनी शिकवलं होतं की मेंढरं बसत असताना मधून चालायचं नाही, एक उठलं तर सगळी उठतात, आणि पुन्हा बसतात ती वेगळीच बसतात. प्रयोगशाळेत त्यांनी तोच नियम लावला. पाच मिनिटं पंखे बंद. पाच मिनिटं कोणी चालायचं नाही. चंबूखाली चार घड्यांचं काळं घोंगडं.

अडचण रस्त्याची होती. प्रयोगशाळेच्या मागून कारखान्याचा रस्ता जायचा आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत दिवसभर धावायचे. टेबलावरच्या काचा वाजायच्या. एकदा सर घड्याळ बघून बाहेर गेले आणि रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे राहिले. पहिल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, कोण मंत्री येणार हायत का. सर म्हणाले, “नाही. आत एक गोष्ट बसतीय.” पाच मिनिटं सात ट्रॅक्टर थांबले. पुढे तो हंगामभराचा प्रकार झाला. ड्रायव्हर लांबून सर दिसले की इंजिन बंद करायचे आणि पुन्हा सुरू करताना विचारायचे, “बसलं का, सर?”

प्रयोगशाळेत सरांच्या खालोखाल एकच माणूस महत्त्वाचा होता. परिचर सर्जेराव मामा. कडेगावजवळच्या वाडीतले, घरचा थोडा ऊस, चार म्हशी, धाकटा भाऊ सैन्यात. काच धुणं, मांडणं, मोजणं मामांकडे. सरांनी काचसामानाची एक नोंदवही केली होती: तारीख, भांडं, कशाने धुतलं, सही. तंतूंच्या चंबूपुढे दर वेळी मामांच्या टपोऱ्या अक्षरात ‘आम्लाने धुतला’ अशी नोंद आणि खाली ‘स. पवार’ असे. “लिहिलं नाही ते झालं नाही,” असं सर विद्यार्थ्यांना बजावायचे. जे लिहिलं ते झालं, हे त्यांनी कधी मोठ्याने म्हटलं नाही. पण वागायचे तसेच.

निबंधाच्या शेवटी आभार मानले होते त्यात मामांचं नाव होतं. इंग्रजीत छापलेलं ते पान मामांनी चौकटीत बसवून घरात लावलं. निबंध छापून आल्यावर वर्षभरात मामा निवृत्त झाले. त्यांना निरोप द्यायला मी गेलो होतो. सरांनी भाषण केलं नाही. मामांना हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं आणि नोंदवहीत त्यांची शेवटची सही घेतली.

त्यानंतर दाणे आले.

पहिल्या वेळी सरांनी प्रयोग पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी रसायनांची नवी बाटली मागवली. दहाव्या वेळी घोंगडं बदललं. ऊसहंगाम हे कारण असेल म्हणून कारखाना बंद झाल्यावर प्रयोग केले, तेव्हा उन्हाळा असायचा. उन्हाळा हे कारण असेल म्हणून पावसाळ्यात केले. चंबू वाळूच्या पेटीत ठेवला. पेटी छताला टांगली. नव्या परिचराला बूट काढायला लावले. दाणेच आले. कारखान्याच्या रस्त्यावर सर उभे राहत होतेच. ट्रॅक्टरवाले विचारत होतेच. सर “नाही” म्हणायचे. दोनेक हंगामांनी ट्रॅक्टरवाल्यांनी विचारणं सोडून दिलं.

याच काळात वैशाली शेळके पीएचडीसाठी आली. लोणंदची मुलगी, एमएस्सीला पहिली. तिचा विषय त्या तंतूंचाच होता: त्यांची जाडी हवी तशी कमी-जास्त करता येते का. तंतूच नव्हते, त्यामुळे पहिलं काम ते परत मिळवणं. तिची पद्धत सरांपेक्षाही काटेकोर होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ॲनिलीन दोनदा ऊर्ध्वपातित करायचं. काच दुसऱ्या कोणाला धुवू द्यायची नाही. आधी आम्ल, मग पाणी, मग ऊर्ध्वपातित पाणी, मग भट्टी. तिने धुतलेल्या चंबूतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यायचं.

दुसऱ्या वर्षी तिने सरांना एक प्रश्न विचारला. मी त्या दिवशी तिथे होतो. जुन्या काळात काच नेमकी कशी धुतली जायची, हे मामांना एकदा विचारून येऊ का, असं तिने विचारलं.

“नोंद आहे,” सर म्हणाले.

“आहे, सर. तरी एकदा विचारलं तर…”

“सही आहे त्यांची. सही केलेल्या माणसाला पुन्हा विचारायचं म्हणजे खोटं म्हणायचं त्याला.”

तिने पुन्हा विचारलं नाही. पुढे मुदतवाढ मिळाली, तीही संपली. ती लोणंदच्या एका कारखान्यात नमुने तपासण्याच्या कामाला लागली. जाण्याच्या दिवशी तिने कपाटाची किल्ली दिली, नोंदवहीत सही केली आणि सरांच्या पाया पडली. सर खिडकीच्या गजाला टेकून उभे होते. ते तसेच उभे राहिले.

पुढच्या मार्चमध्ये त्यांनी ते पत्र पाठवलं. मी फोन केला तेव्हा म्हणाले की वैशालीचं वय गेलं, आता निदान दुसऱ्या कोणाचं जाऊ नये. माझ्या नावावर विसंबून कोणी हे करायला बसलं असेल तर त्याला कळलं पाहिजे. बातमी करायची तर कर, पण ‘धक्कादायक’ लिहू नकोस. मी सहा ओळींची बातमी केली. त्या वेळी कात्रण परत आलं नाही.

मे महिन्यात सरांनी मला मामांकडे येतोस का विचारलं. निबंध मागे घेतला म्हणजे त्यातले आभारही मागे गेले, आणि हे मामांना समोर जाऊन सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही सकाळी दहाच्या सुमाराला वाडीत पोचलो. मामा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या पाठीमागे, उघड्या दारातून, भिंतीवरची चौकट दिसत होती.

सर म्हणाले, “मामा, आपला तो लेख मी मागं घेतला. तुमचं नाव होतं त्यात, म्हणून सांगाय आलो.”

“मागं घेतला म्हंजी? चूक निघाली व्हय?”

“परत जमंना.”

“माझ्या माघारी जमंना?”

“तुमच्या माघारी.”

मामा मोकळेपणाने हसले. “आवं, मग मला बोलवायचं की. यष्टीनं आलो असतो.”

मामांच्या पत्नीने ताक आणून दिलं. मग त्या नळाशी बसून भांडी घासू लागल्या. घासून झालेली भांडी एका बाजूला पालथी घातली. दह्याचं मडकं मात्र त्यांनी नुसतं पाण्याने विसळलं आणि उन्हात ठेवलं. सरांचं लक्ष तिकडे होतं. काही तरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “मावशी, त्याला घासणी नाही?”

“विरजणाचं हाय ते,” त्या म्हणाल्या. “घासलं तर दही लागत न्हाई नीट.”

“सर, तुमच्या चंबूला बी मी कवा आम्ल दावलं न्हाई,” मामा म्हणाले. ते हे कौतुकाने सांगत होते. “तुमी वतायचा आन् सांगायचा, हलवू नका, बसू द्या. मी मनात म्हनलं, हे तर विरजानच हाय. मग घासायचं कशाला? नुसतं पानी मारायचो.”

सरांच्या हातात ताकाचा पेला होता. “कधीपासून?”

“त्यो चंबू माज्या हातात आला तवापास्नं.”

“वहीत सही आहे तुमची. आम्लाने धुतला म्हणून.”

“सही व्हय. सही तर करावीच लागती की.” मग मामांना आणखी एक आठवलं. “निवृत्तीच्या दिवशी मातुर लख्ख केला. आम्ल घालून, बुरूस लावून. दुसऱ्याच्या हातात डागाळल्यालं भांडं कसं द्यायचं?”

सरांनी ताक संपवलं. पेला स्वतः नळापाशी नेऊन ठेवला. मामांच्या गुडघ्याची चौकशी केली, म्हशी किती आहेत विचारलं, धाकट्या भावाचा विषय काढला. निघताना मामांनी विचारलं की त्ये भिंतीवरचं पान आता काढायचं का. सर म्हणाले, “राहू दे. ते तुमचं आहे.”

गाडीत त्यांनी मला समजावून सांगितलं, वर्गात सांगायचे तसं. चंबूच्या काचेवर पातळ हिरवा थर राहायचा. तो थर तंतूंचा. पुढच्या वेळचं द्रावण त्यात पडलं की नवे कण त्या जुन्या तंतूंवरून वळण घ्यायचे. पहिल्या चार प्रयोगांत थर जमला, पाचव्याला तंतू दिसले. मामांनंतर चंबू दर वेळी वहीत लिहिल्याप्रमाणे खरंच आम्लाने धुतला गेला, त्यामुळे थर पुन्हा जमलाच नाही. घोंगड्याचा संबंध नव्हता. ट्रॅक्टरचा संबंध नव्हता. जुने तंतू बियाण्यासारखे टाकून नवे वाढवता येतात हे परदेशात केव्हाच छापून आलेलं होतं, आणि ते त्यांनी वाचलंही होतं. आपण बी टाकत नाही, म्हणून आपलं वेगळं, असं त्यांनी निबंधात लिहिलं होतं.

“डाग दिसायचा मला,” ते म्हणाले. “आम्लानंसुद्धा न जाणारा डाग आहे असं धरून चाललो. मामा निवृत्त झाल्यावर चंबू पांढरा दिसला, तेव्हा वाटलं, नव्या माणसानं दुसरा काढला असेल.”

मी विचारलं, नियतकालिकाला कळवणार का. ते म्हणाले, काय कळवू. निबंध चुकीचाच होता, तो मागे घेतला ते बरोबरच झालं. कारण लिहायचं तर मामांची सही खोटी होती असं लिहावं लागेल.

मग मी वैशालीबद्दल विचारलं.

कडेगावचा फाटा मागे पडल्यावर सर म्हणाले, “काय सांगू तिला? पाच वर्षं स्वच्छ काम केलंस, म्हणून तुला जमलं नाही?”

उतरताना म्हणाले, “मामा आहेत तोवर हे छापायचं नाही.”

त्या पावसाळ्यात सरांनी तो चंबू घेतला आणि त्यात सहा वेळा प्रयोग केला. धुणं फक्त पाण्याने, आणि नोंदवहीत तसंच लिहिलं: पाण्याने. सहाव्या वेळचा नमुना कोल्हापूरला पाठवला. छायाचित्र आलं ते त्यांनी मला दाखवलं. तंतू होते. सरळ, लांब, एकसारखे. त्यांनी छायाचित्र पाकिटात घातलं आणि पाकिटावर तारीख टाकली. पट्टी करायला आता वेळ आहे का, असं मी विचारलं. निवृत्तीला सहा महिने होते. ते म्हणाले, “ज्याला सांगलीत वापरायचंय त्यानं काय मामांना घेऊन जायचं?” नंतर म्हणाले की तसं नाही, बी टाकून करता येईल, कोणीही करेल, कोणी तरी करतच असेल.

निवृत्तीच्या दिवशी मी चारच्या सुमाराला प्रयोगशाळेत गेलो. सर नळाशी उभे होते. हातात रबरी मोजे, समोर आम्लाची बाटली. हिरवा चंबू त्यांनी तिरका धरला होता आणि आतून ब्रश फिरवत होते. हिरवा रंग आधी निळा झाला, मग काळपट, मग वाहून गेला. त्यांनी चंबू उजेडात धरून बघितला, पुन्हा एकदा पाणी मारलं आणि स्टँडवर पालथा घातला. मग नोंदवहीत लिहिलं: चंबू एक, आम्लाने धुतला. सही केली. वेळ लिहिली, चार वाजून वीस मिनिटं. बाहेर ट्रॅक्टर जात होते.

त्यांना मी त्यानंतर पाहिलं नाही. ते जतकडे गावी राहायला गेले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिथेच हृदयविकाराने वारले. मामा गेल्या हिवाळ्यात गेले. ती चौकट अजून भिंतीवर आहे.

हा मजकूर छापण्याआधी मी लोणंदला जाऊन वैशालीला वाचायला दिला. तिने तो कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून पूर्ण वाचला. एकच दुरुस्ती सांगितली. पाच वर्षं नव्हेत, पाच वर्षं सात महिने. सरांच्या तोंडचं वाक्य मी आहे तसंच ठेवलं आहे. नोंदवही महाविद्यालयात आहे. ती मी पाहिली. वैशालीच्या पहिल्या आणि शेवटच्या सहीत पाच वर्षं सात महिन्यांचं अंतर आहे.